चवड्याची झीज

“मुलाच्या आईच्या माहेरची सगळी माणसं घेऊन या,” असा डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, तेव्हा थोरलीने बोटांवर माणसं मोजली. माहेरची सगळी माणसं म्हणजे असून असून किती? ती आणि तिचे वडील, नाना. तिच्या आईला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि चौथ्याचं नाव घ्यायची त्या घरात पद्धत नव्हती.

तर ही एवढीशी फौज सकाळी अकरा वाजता दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर पोचली. नाना ऐंशीचे. इस्त्रीचा शर्ट, आणि पायात स्वतःच्या हाताने शिवलेले काळे बूट, ज्यात मूळ चामडं किती उरलं होतं ते त्यांनाच ठाऊक. थोरली बावन्नची. बुटांचं दुकान आता तीच चालवत होती, आणि सकाळी दोन गिऱ्हाइकांच्या टाचा ठोकूनच आली होती. घरात नुसतं बसून राहणं तिला जमेना.

धाकटी बहीण आधीच बाकावर बसली होती. शेजारी नवरा, मांडीवर मोठा मुलगा. आठ वर्षांचं पोरगं मांडीवर मावत नव्हतं, पाय खाली लोंबत होते, तरी तिने त्याला कवटाळून धरलं होतं. बहिणीला बघून तिने मान वळवली. साडेतीन वर्षांचा पिटुकला मात्र “मावशी” करत धावत निघाला, तर तिने त्याला सदऱ्याला धरून मागे ओढलं.

पाच महिने हे असंच चाललं होतं. मोठा दुकानाच्या तीन पायऱ्यांवरून पडला, कपाळाला दोन टाके पडले, आणि त्यानंतर त्याचं सगळंच बिघडत गेलं. तो थोरलीच्या नजरेसमोर पडला होता. धाकटीने त्या दिवसापासून मुलांना दुकानात पाठवणं बंद केलं. तोंडाने ती कधी काही बोलली नाही, पण न बोलताही माणूस सगळं बोलून घेतं, आणि थोरलीला ती भाषा लहानपणापासून पाठ होती.

मोठ्याचं नाव ‘मास्तर’. ते थोरलीनेच ठेवलेलं. चार वर्षांचा असल्यापासून हा सगळ्यांच्या चुका काढायचा. “मावशी, तू पंधरा म्हणालीस, सोळा आहेत.” दुकानात आलेल्या भल्या माणसाला तोंडावर सांगायचा की तुमचा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे, आणि मोजलं तर निघायचा की हो खरंच. त्याच्या वटवटीने डोकं उठायचं. आज तो छतावरच्या दिव्याकडे बघत होता, आणि कुणी हाक मारली तर भलतीकडेच मान वळवत होता.

आधी शाळेतून तक्रार आली की मुलगा ऐकत नाही. कानाच्या डॉक्टरांनी कान तपासले, कान ठणठणीत. मग कुणी म्हणालं लक्ष लागत नाही, त्याच्या गोळ्या झाल्या. कुणी चष्मा दिला. रंग काळवंडला, तर म्हणे उन्हात हुंदडतो. एकेका खोलीबाहेर बसून धाकटी आणि तिच्या नवऱ्याचे पाच महिने गेले, आणि शेवटी या बाईंनी मेंदूचा फोटो काढायला लावला, रक्त लांबच्या प्रयोगशाळेत पाठवलं. ते रिपोर्ट आज आत टेबलावर होते.

आत बोलावल्यावर डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टला हातच लावला नाही. बाई साठीकडे झुकलेल्या, आवाज बारीक, घाई कसलीच नाही. त्यांनी मास्तरला दारापासून टेबलापर्यंत चालायला लावलं. वडिलांनी बोट धरलं. पोरगं चवड्यांवर चालत आलं, गुडघे एकमेकांना घासत, टाचा जमिनीला लागतच नव्हत्या. बाई त्याच्या पायांकडे बघत होत्या आणि थोरली त्याच्या बुटांकडे.

“हा पडल्यापासून असा चालतोय,” जावई म्हणाले. सरळ माणूस, शाळेत गणित शिकवणारा. गेल्या पाच महिन्यांत पार वाळून गेला होता. “पाच महिने झाले. तुमच्या आधी तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या, डॉक्टर. तिन्ही चुकल्या. तुम्ही फोनवर म्हणालात, धाकट्याचंही रक्त घ्यायचं. मला ते पटत नाही. एकाला मार लागला, त्यासाठी दुसऱ्याला का टोचायचं?”

“मार लागून हे होत नाही,” बाई म्हणाल्या. “हे जन्मापासून रक्तात असतं, आईच्या बाजूने येतं. म्हणून तर तुम्हा सगळ्यांना बोलावलं.”

त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला. मुलासाठी चौकोन, मुलीसाठी गोल. खाली दोन चौकोन आले, मास्तर आणि पिटुकला. मास्तरचा त्यांनी पेनने भरून काळा केला. वर गोल, म्हणजे धाकटी. तिच्या शेजारी गोल, थोरली. त्यांच्या वर नाना आणि आई.

“आणखी भावंडं?”

धाकटी नानांकडे बघत राहिली आणि नाना खिडकीकडे.

“एक भाऊ होता,” शेवटी थोरलीच म्हणाली. “चिमण. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान.”

“तो अपघात होता,” नाना घाईने म्हणाले. “पोटमाळ्याच्या शिडीवरून पडला. डोक्याला मार लागला. दीड वर्ष अंथरुणावर होता, मग गेला. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आमच्या घराण्यात असलं काही नाही.”

“पडला तेव्हा वय काय होतं?”

“सात.”

“कुणी होतं तिथे?”

“मी होते,” थोरली म्हणाली. “अकरा वर्षांची. लक्ष ठेवायला मला सांगितलं होतं.”

हे वाक्य ती एक्केचाळीस वर्षं म्हणत आली होती. आई वर्षभर तिच्याशी धड बोलली नाही, तेव्हा ती भिंतीला हेच म्हणायची. पुढे लग्न झालं तर नवऱ्याला तिने सांगून टाकलं की मला मूल नको, माझ्या हातून नीट सांभाळलं जाणार नाही. तो बिचारा दोन वर्षं थांबला, मग सोडून गेला. त्याच्याबद्दल तिने कधी वाकडा शब्द काढला नाही.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक चौकोन काढला आणि पेन तसंच वर धरलं. “पडायच्या आधी तो कसा होता? चालणं, ऐकणं, अभ्यास?”

“चांगला होता,” नाना म्हणाले. “एकदम चांगला.”

“बघा,” जावई म्हणाले. “दोन्ही मुलं पडल्यावरच आजारी झाली. दोन्ही वेळा...” पुढचं त्यांनी गिळलं, पण ते कुणाकडे बघून गिळलं हे सगळ्यांना दिसलं.

थोरलीने धाकटीकडे बघितलं आणि तिला एकदम उमजलं. धाकटीचा राग हा नुसता राग नव्हताच. ताईची चूक असेल, तर पिटुकला सुखरूप होता. तेवढ्या एका काडीला ती पाच महिने लोंबकळत होती. खापर माझ्यावर फुटून पोर वाचणार असेल तर फुटू दे, थोरलीच्या मनात आलं. नाहीतरी आपल्याला सवय आहे. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलं की झालं. पिटुकला कोपऱ्यातल्या लाकडी ठोकळ्यांचा बूट बनवत होता, आणि त्याला टाच जमत नव्हती.

“पडल्यापासून नाही,” थोरली म्हणाली.

“काय?”

“मास्तर पडल्यापासून चवड्यावर चालत नाही. आधीपासून चालतोय. पडला त्याच्या सात महिने आधीपासून.”

“तुम्हाला काय माहीत?” जावयांचा आवाज चढला.

“बूट माझ्याकडेच यायचे ना त्याचे.” तिने मास्तरच्या पायांकडे बोट दाखवलं. “गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर पहिल्यांदा आले. टाच कोरी करकरीत आणि चवडा झिजून कागद झालेला. मी नवीन तुकडा लावला. दीड महिन्यात परत तेच. परत लावला. तिसऱ्यांदा म्हटलं, आता कसा झिजतो बघतेच, आणि खाली लोखंडी नाल ठोकली. आताही आहे ती. आणि रागावले त्याला. पाय उचलून चाल म्हणाले.”

“आणि आम्हाला सांगितलं नाहीत?”

“सुचलंच नाही. आमच्याकडे झिजलेलं दिसलं की हात आधी चालतो. का झिजलं, ते कोण विचारतंय.”

“ताई,” धाकटी म्हणाली, “म्हणजे वर्षभर तुला दिसत होतं.”

“दिसत होतं.”

“मी डॉक्टरांच्या दारोदार फिरत होते आणि तू नाल ठोकून गप्प बसलीस.”

“हो.”

जुनी चूक तिने लोकांनी सांगितली म्हणून मान्य केली होती. ही तिची स्वतःची होती, आणि ती बूट उलटा करून दाखवता आली असती. तिला वाटलं, आता धाकटी उठून निघून जाईल. पण धाकटी हलली नाही, कारण तेवढ्यात नानांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती.

“त्याचेही असेच झिजायचे,” नाना म्हणाले.

“कुणाचे?” बाईंनी विचारलं.

“चिमणचे. चवड्यालाच. तीन वेळा मी चामडं लावलं, मग नाल ठोकली. हिला नाल ठोकायला मीच शिकवलं ना.” म्हाताऱ्याने टेबलाची कड आणखी घट्ट धरली. “महिन्यात बूट फाडतोस म्हणून मारलं त्याला. पायांवर मारलं, लाकडी पट्टीने. शाळेतून चिठ्ठी आली होती, मुलगा सांगितलेलं ऐकत नाही. त्यावरूनही मारलं.”

“हे शिडीवरून पडायच्या आधी?”

“आधी. चांगले चार-पाच महिने आधी. शिडीवर पाय जागेवर पडत नव्हता त्याचा. मला ठाऊक होतं.”

थोरलीला आपला स्वतःचा आवाज कुणा दुसऱ्याचा वाटला. “नाना, मी दाराशी गेले म्हणून तो पडला.”

“गिऱ्हाईक आलं होतं. मीच तुला हाक मारली होती, जा, बघ म्हणून.”

“ते मला आठवतच नाही.”

“मला आठवतं.”

“आईला माहीत होतं?”

नानांनी नकारार्थी मान हलवली. “ती तुझ्यावर चिडली होती. मला वाटलं, निवळेल. मी बोललो असतो तर मारलेलंही सांगावं लागलं असतं. तू लहान होतीस पोरी. वाटलं, विसरशील.”

थोरलीला त्या क्षणी बापाचा इतका राग आला की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. विसरशील. तिने संसार नाकारला, मूल नाकारलं, आई जाईपर्यंत तिच्या उशाशी चोरासारखी बसली, आणि हा माणूस रोज तिच्यासमोर बसून चामडं कापत होता. तिला ओरडायचं होतं, पण मास्तरने धाकटीच्या मांडीवर एकाएकी हात ताठ केले आणि कण्हला, आणि सगळेच त्याच्याकडे वळले. रागावायची वेळही त्या घरात तिच्या वाट्याला कधी आली नाही, ती तेव्हाही आली नाही.

डॉक्टरीणबाईंनी चिमणचा चौकोन सावकाश काळा केला.

“हे कुणाच्या हातून झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “पडून नाही, मारून नाही, लक्ष न ठेवून नाही. शरीरात एक प्रकारची चरबी साठत जाते आणि मेंदूच्या तारांवरचं आवरण खाऊन टाकते. मुली हे पुढे देतात, स्वतः बहुधा धडधाकट असतात. उतारवयात पाय आखडतात, तेवढंच. तुमचे आखडतात ना?” हे थोरलीला होतं.

“बसून काम आहे, म्हणून वाटलं.”

“तुमच्या आईचे?”

“शेवटी काठी लागायची.”

बाईंनी आईच्या गोलात एक ठिपका दिला, मग धाकटीच्या, मग जरा थांबून थोरलीच्याही. “तुमचंही रक्त बघू.”

“वर्षभर आधी आलो असतो तर?” धाकटीने विचारलं. ती बाईंकडे बघत नव्हती, मुलाच्या केसांतून हात फिरवत होती. “ताईने पहिला तुकडा लावला तेव्हा. तर?”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अगदी सुरुवातीला कळलं तर दुसऱ्याची अस्थिमज्जा देऊन, म्हणजे हाडातला मगज देऊन, पुष्कळदा हे थांबवता येतं. त्याच्या मेंदूत तेव्हा किती पसरलं होतं, मला माहीत नाही. पाय चवड्यावर आले म्हणजे आत बरंच झालेलं असतं. कदाचित तेव्हाही उशीर झालेला असता. कदाचित नसता. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.”

“आणि आता?”

“आता नाही. आता त्याला दुखू नये, एवढं आपण बघायचं.”

धाकटी रडली नाही. तिने फक्त विचारलं, “किती दिवस?” आणि बाई म्हणाल्या की एक वर्ष, कदाचित दोन, आणि हळूहळू त्याला दिसायचं बंद होईल. जावई उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गणिताचा माणूस, बोटांवर काहीतरी मोजत होता.

“धाकट्याचं रक्त घ्या,” ते तसेच पाठमोरे म्हणाले.

“नाही,” धाकटी म्हणाली.

“अगं...”

“नाही म्हटलं ना. आजच्या दिवस तरी माझं एक मूल चांगलं असू दे.”

बाईंनी घाई केली नाही. नाना मान खाली घालून बसले होते, त्यांना कोण विचारतो. थोरली उठली आणि धाकटीच्या समोर, जमिनीवर, दुकानात गिऱ्हाइकाच्या पायाशी बसते तशी बसली.

“तुझ्या तोंडाकडे बघायची माझी लायकी नाही,” ती म्हणाली, “पण ऐक. नानांनी बघितलं आणि ठिगळ लावलं. मी बघितलं आणि ठिगळ लावलं. तू नको लावूस.”

“आणि त्याच्यातही निघालं तर?”

“तर त्याचे पाय अजून सरळ आहेत. बघ की.”

पिटुकला ठोकळा हातात घेऊन पळत आला होता. टाचा टेकत, धपधप. धाकटीने त्याच्या पायांकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिने बाईंना मानेनेच हो म्हटलं.

रक्त घ्यायची खोली शेजारीच होती. परिचारिकेने सुई काढली आणि म्हणाली, “मुलाला कुणीतरी मांडीवर घ्या, हलू देऊ नका.” धाकटीच्या मांडीवर मास्तर होता. त्याला परक्या हातात दिलं की तो किंचाळायचा. जावयांनी हात पुढे केले, तर ते इतके कापत होते की त्यांनीच मागे घेतले. धाकटीने एकदा थोरलीकडे बघितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत बघितलं. मग पिटुकल्याचा दंड धरून तिच्याकडे ढकलला.

“घे. घट्ट धर,” ती म्हणाली. “सोडू नकोस.”

थोरलीने धरला. पोरगं आधी हसलं, मग सुई बघून आकांडतांडव केलं, लाथा झाडल्या, तिच्या हाताला चावलं. तिने त्याचं डोकं छातीशी दाबलं आणि मोठ्याने आकडे म्हणायला लागली, तेवढंच तिला सुचलं. चौदाच्या पुढे तिने सोळा म्हटलं. धाकटी मास्तरला घेऊन दारात उभी होती. धाकटी, जावई आणि थोरली, तिघांनीही मास्तरकडे बघितलं, आता चूक काढेल म्हणून. तो दिव्याकडे बघत होता.

निकाल बाराव्या दिवशी आला. दुपारची वेळ होती, दुकानात थोरली एकटी होती. नाना त्या दिवसापासून दुकानात येत नव्हते, आणि तिने त्यांना या म्हटलं नव्हतं. त्यांचा डबा ती भरून ठेवायची, पण बोलत नव्हती. फोन धाकटीचा होता.

“ताई, त्याच्यातही आहे.”

थोरलीने हातातला बूट खाली ठेवला.

“पण मेंदूचा फोटो स्वच्छ आलाय,” धाकटी एका दमात म्हणाली. “एक डागही नाही. दर सहा महिन्यांनी फोटो काढायचा, आणि काही दिसायला लागलं की लगेच मगज बदलायचा. डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर आलात. ताई, त्या म्हणाल्या वेळेवर आलात.”

आणि एवढं बोलून ती जी रडायला लागली, ती थांबेचना. थोरलीही रडली. ज्याच्यासाठी वेळेवर जाता आलं नाही त्याच्यासाठी रडल्या, आणि त्याच्याही आधीच्या एकासाठी, ज्याला धाकटीने कधी बघितलंच नव्हतं.

“मी मास्तरला सांगितलं,” जरा वेळाने धाकटी म्हणाली. “त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, तुझ्यामुळे कळलं रे, तुझ्यामुळे धाकटा वाचेल. दोनदा सांगितलं. त्याने मान फिरवली माझ्याकडे. ताई, त्याला कळलं असेल का गं?”

खोटं बोलून या घरात काय होतं, ते थोरलीइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

“कळलं असेल,” ती म्हणाली. “त्याला सगळं कळतं.”